सासूबाई म्हणतात ते खरं आहे

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आम्ही नागपूरला, प्रतापनगरात राहतो. माझं माहेर वर्ध्याचं, सासर गुहागर तालुक्यातलं. तिथलं घर समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. जुना भाग चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, कौलारू. बारा वर्षांपूर्वी मागे स्लॅबच्या दोन खोल्या आणि संडास-बाथरूम बांधलं. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, तिथे एकट्याच राहतात. गणपतीला आम्ही सगळे जातो, म्हणून गणपतीच्या आधी घर रंगवून घेतो. पाच वर्षांत तीनदा रंगवलं. दर वेळी शिमग्यापर्यंत पोपडे सुटतात. मागच्या वर्षी नागपूरच्या आमच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारून आतून पुट्टी, बाहेरून महागाचा वॉटरप्रूफ रंग आणि माजघरात खाली चार फूट टाइल्स लावल्या. आता टाइल्सच्या वर ओल आली आहे. कपाटामागे काळी बुरशी आहे. सासूबाईंना पावसाळ्यात दमा उसळतो. उन्हाळ्यात त्यांना उकडतं म्हणून आम्ही इथून कूलर पाठवला. आता एक जण भिंतीत केमिकल भरून द्यायचे दोन लाख ऐंशी हजार सांगून गेलाय. मिस्टर म्हणतात, खाऱ्या हवेला इलाज नाही, पाडून नवीन बांधू, नाहीतर आईला नागपूरला आणू. सासूबाई म्हणतात, 'पूर्वी हे असं नव्हतं.' दोष खरंच हवेचा आहे का? फोटो पाठवते आहे."

ताई,

तुम्ही इतके फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. त्यातल्या एकाबद्दल आधी बोलतो, बाकीचं सावकाश. मागच्या खोलीतल्या स्लॅबचा, पंख्याजवळचा फोटो पहा. तिथे एक सरळ तपकिरी रेघ दिसते आणि तिच्या कडेने गिलावा फुगलाय. ती नुसती ओल नाही, आतली सळई गंजते आहे. लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतं आणि खालचं काँक्रीट आतून ढकलून फोडतं. असे तुकडे कधी पडतील ते सांगता येत नाही. त्या रेघेखाली कोणाची खाट असेल तर आजच फोन करून ती दुसरीकडे हलवायला सांगा. चिपळूणकडचा एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठून ती स्लॅब ठोकून पाहायला लावा. जिथे बद्द आवाज येईल तिथलं सैल काँक्रीट काढून, सळई घासून, नीट दुरुस्त करावी लागेल. नुसता सिमेंटचा हात फिरवून झाकू देऊ नका, आत गंज चालूच राहतो.

आता तुमचा प्रश्न. हवेचा दोष आहे का? आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा आपण केलाय, आणि त्याचा पुरावा तुमच्याच फोटोंमध्ये आहे. तुमच्या मिस्टरांच्या मुंजीचा तो जुना फोटो तुम्ही बहुधा आठवण म्हणून जोडला असेल. मी तो भिंग घेऊन पाहिला. त्यात अंगणातून ओटीवर चढायला तीन पायऱ्या आहेत. आजच्या फोटोत दीड. घर खचलं नाही, अंगण वर आलं. मातीवर कोबा झाला, कोब्यावर पेव्हर ब्लॉक बसले, आणि जोत्याचा निम्मा भाग जमिनीखाली गेला. जुन्या फोटोत पश्चिमेला उघडी पडवी आहे आणि छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलंय. आज तिथे सरकत्या काचांची खोली आहे, छप्पर भिंतीशी कापलंय, पागोळ्या थेट भिंतीवरून उतरतात. सासूबाई म्हणतात ना पूर्वी असं नव्हतं? त्या अगदी बरोबर सांगताहेत, आणि हे त्यांना फोनवर सांगा. घरातलं सगळ्यात जुनं माणूस एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगतं आणि कोणी ऐकत नाही, याचा त्रास भिंतीच्या ओलीपेक्षा कमी नसतो.

माझ्या बांधकामाच्या नोकरीतली बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात गेली. मी विदर्भातला, तिथे रुजू झालो तेव्हा आपल्याकडचंच ज्ञान घेऊन गेलो होतो. समुद्राजवळच्या एका गावात जुन्या चिऱ्याच्या शाळेच्या दोन खोल्यांना ओल होती. मी चुन्याचा पोकळ झालेला गिलावा काढायला लावला आणि एकास चार सिमेंटचा चांगला कडक गिलावा करून घेतला. दिसायला सुरेख झाला. दुसरा पावसाळा संपता संपता तो मोठमोठ्या खपल्यांनी सुटला आणि सुटताना चिऱ्याचा वरचा थरही घेऊन गेला. शाळेचं नुकसान मी केलं होतं, आणि ते मला आजही बोचतं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला म्हणूनच मी नावं ठेवणार नाही. त्याने नागपूरचं बरोबर उत्तर गुहागरच्या प्रश्नाला दिलं.

आपल्या नागपुरात भिंतीला ओल आली की आपण काय समजतो? वर टाकी गळतेय, गच्चीला भेग आहे, नाहीतर बाथरूमचा पाइप फुटलाय. ते बुजवलं की एप्रिल-मे बाकीचं काम करतात. ४४ अंशांच्या दुपारी हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असते, पंधरा दिवसांत भिंत खडखडीत होते. तो महिनाभराचा फुकटचा कारागीर कोकणात येतच नाही.

थोडे आकडे देतो, कारण ते कळले की पुढचं सगळं आपोआप कळेल. मे महिन्यात नागपूरच्या त्या ४४ अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे साधारण साडेनऊ ग्रॅम वाफ असते. गुहागरला ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तीच वाफ २४ ग्रॅम होते. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरा. तिथल्या नुसत्या हवेत जवळजवळ एक लिटर पाणी तरंगत असतं. या हवेला २६ अंशांचा किंवा त्याहून गार पृष्ठभाग भेटला की तिच्यातलं पाणी तिथे सुटतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम येतो तसं. दिवसभर सावलीत राहिलेली जाड चिऱ्याची भिंत, कपाटामागचा कोपरा, रात्री गार झालेली फरशी, हे सगळे असे तांबेच. नागपूरच्या मे महिन्यात भिंतीला घाम यायला ती बारा अंशांच्या खाली जावी लागेल, म्हणजे तो प्रश्नच नाही. बुरशीला तर घामाचीही गरज नसते. भिंतीलगतची हवा काही दिवस सलग ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की तिला पुरतं.

म्हणून, ताई, तो कूलर बंद करा. प्रेमाने पाठवला होतात हे मला दिसतं आहे. पण कूलर पाणी उडवून गारवा देतो, आणि पाणी उडायला हवा कोरडी लागते. पोळ्याच्या सुमाराला आपण इथेसुद्धा पंप बंद करून नुसता पंखा चालवतो, नाहीतर अंथरूण चिकट होतं. कोकणात बाराही महिने थोडाफार तोच पोळा असतो. तिथे कूलर गारवा देत नाही आणि बंद खोलीत बादलीभर पाणी मात्र हवेत सोडतो. ते सासूबाईंच्या उशाच्या भिंतीत जातं. त्यांना चांगला छताचा पंखा हवा, आणि पूर्वेची खिडकी उघडी. दीर एसी बसवायचं म्हणाले तर हरकत नाही, एसी हवेतलं पाणी काढूनच टाकतो. फक्त २६-२७ च्या खाली लावू नका. वीस अंशांवर ठेवला तर त्या भिंतीची पलीकडची बाजू गार होऊन शेजारच्या खोलीत घाम सुटेल.

आता मीठ. समुद्रकाठच्या ओलीत आणि बाकीच्या ओलीत खरा फरक मिठाचा आहे, आणि याकडेच कोणी पाहत नाही. लाटा फुटतात तेव्हा खारे तुषार वाऱ्याबरोबर येतात, किनाऱ्यालगतच्या काहीशे मीटरांत सर्वाधिक. ते भिंतीवर बसतात, पावसाने विरघळून आत जातात. काही मीठ जमिनीतल्या पाण्याबरोबर वर चढतं. बांधकामाला खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असतं. बारा वर्षांपूर्वीच्या तुमच्या खोल्यांना वाळू कुठली आणली होती, पाणी कोणत्या विहिरीचं होतं, हे सासूबाईंना विचारा. त्यांना आठवत असेल.

हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ ओघळतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्केही पुरतात. म्हणजे गळती नाही, पाऊस नाही, तरी जूनच्या आधीच्या दमट हवेत भिंतीवर नकाशासारखे ओले डाग उमटतात. हिवाळ्यात हवा जरा कोरडी झाली की तेच मीठ पुन्हा स्फटिक होतं. स्फटिक वाढताना जागा मागतं, आणि रंगाच्या मागे अडकलेलं असेल तर रंगालाच बाहेर लोटतं. त्यालाच आपण लोणा लागला, पोपडे सुटले म्हणतो. तुमच्या घरी शिमग्यापर्यंत पोपडे सुटतात याचं कारण हेच: पावसाळ्यात भिजलं, थंडीत सुकलं, मिठाने ढकललं. तीनही वेळचा रंग वाईट नव्हता. तो ज्यावर लावला तो थर मिठाने भरलेला होता.

वॉटरप्रूफ रंगाने यात भर घातली. चिरा हा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो आणि वारं मिळालं की सोडतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी त्याच्या आड येत नसत. सिमेंटचा कडक थर, त्यावर पुट्टी, त्यावर रबरासारखा रंग असं झालं की केसासारख्या भेगांतून पाणी आत जातंच, बाहेर यायची वाट मात्र बंद होते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या जवळजवळ तिप्पट, आणि तोही नैऋत्येच्या वाऱ्यावर आडवा. एवढ्या पावसात एकही भेग राहणार नाही अशी भिंत करता येत नाही. आत शिरलेल्या पाण्याला निघायची वाट ठेवता येते. मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही.

माजघरातल्या टाइल्सचंही तसंच. जमिनीतलं पाणी भिंतीतून दिव्यातल्या वातीसारखं वर चढतं. मीटरभराच्या आतच ते भिंतीच्या दोन्ही अंगांनी उडून जात होतं, म्हणून ओल गुडघ्या-मांडीपर्यंत थांबत होती. तुम्ही चार फूट टाइल्सनी ते अंग बंद केलं. पाण्याला उडायला जागा नाही, ते टाइल्सच्या वर चढलं. दुखणं झाकलं गेलं नाही, दोन फूट वर सरकलं.

या पार्श्वभूमीवर ते दोन लाख ऐंशी हजार पहा. भिंतीत भोकं पाडून केमिकल भरण्याची पद्धत खोटी नाही. विटांच्या सरळ भिंतीत, जमिनीतून चढणारी ओल असेल तर ती उपयोगी पडते. पण तुमची भिंत दीड-दोन फूट जाड, चिऱ्याची, आत जोडांमध्ये माती किंवा चुना आणि अधूनमधून पोकळ्या. केमिकलचा सलग पडदा होईल याची खात्री तिथे कोण देणार? आणि पश्चिमेच्या झडीवर, गिलाव्यातल्या मिठावर, कपाटामागच्या बुरशीवर त्याचा काहीही परिणाम नाही. त्या माणसाने ओल कुठून येते हे तपासलं का? तुमच्या पत्रात तसं दिसत नाही. एकही खपली न काढता, एकही नळ न बघता जो दर सांगतो, त्याला पैसे देऊ नका.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. गणपतीला जाल तेव्हा फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीच्या धड भागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक माजघरात खाली, एक तिथेच छातीच्या उंचीवर, एक पश्चिमेच्या खोलीत, एक कपाटामागे. दोन दिवसांनी पहा. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतलं. भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतून आलेलं. मग भिंत कोणत्या दिवशी ओली होते ते सासूबाईंकडून महिनाभर कॅलेंडरवर लिहून घ्या. जोराच्या झडीनंतर होत असेल तर पाऊस, पाऊस नसताना दमट दिवशी होत असेल तर मीठ, बारा महिने खालच्या भागात सारखीच असेल तर जमीन, आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीला असेल तर आधी नळ आणि नहाणीचा उतार. मला वाटतं तुमच्याकडे यातलं सगळंच थोडंथोडं निघेल.

खरं काम बाहेरून सुरू होतं, आणि त्यातलं बरंच स्वस्त आहे. भिंतीला लागून दीड-दोन फुटांची पट्टी धरून तिथले पेव्हर ब्लॉक आणि खालचा कोबा काढा. जोतं पुन्हा उघडं करा, निदान वीतभर तरी, जमतं तिथे जास्त. त्या पट्टीत जाड खडी भरा आणि पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्या. खोल खणू नका, जुन्या घराचा पाया फार खाली नसतो. छपराला पन्हळ लावा आणि तिचं पाणी पाइपने अंगणाच्या कडेपर्यंत न्या. पश्चिमेच्या अंगाला पत्र्याचं का होईना, तीन-साडेतीन फूट पुढे येणारं छप्पर काढा. पूर्वी पावसाळ्याआधी त्या बाजूला माडाची झापं बांधायचे, ती भिंतीने भिजू नये म्हणूनच. आजही कोणी बांधून देत असेल तर खुशाल बांधा, याहून चांगला आडोसा विकत मिळत नाही. स्लॅबच्या खोल्यांच्या छज्ज्याखाली, कडेपासून दोन बोटं आत, बोटभर रुंद खाच आहे का ते पहा. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून उलटं भिंतीकडे येतं. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

एवढं केल्यावर आतला गिलावा. माजघरातल्या टाइल्स निघाल्याच पाहिजेत. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, वर्षही झालं नाही त्यांना. पण त्या असताना भिंत सुकणार नाही. ओलीच्या वरच्या रेघेपासून हात-दीड हात वरपर्यंत सगळा सिमेंटचा गिलावा काढायचा, जोडांमधला भुसभुशीत मालही खरवडायचा. चिरा सांभाळून, छिन्नी हलक्या हाताने. उघड्या भिंतीवर जे पांढरं फुटेल ते कोरड्या ब्रशने झाडायचं आणि सुपलीत भरून घराबाहेर टाकायचं. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की मीठ विरघळून पुन्हा आत जातं. हे झाडणं दर आठ-पंधरा दिवसांनी, फुटायचं कमी होईपर्यंत.

आणि मग थांबायचं. जाड भिंत सुकायला इंचाला महिना असा आमच्यात ढोबळ हिशेब आहे, तोही वारं असेल तर. कोकणात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतची हवा त्या मानाने कोरडी. म्हणून गिलावा दिवाळीनंतर लगेच काढा, थंडीभर भिंत उघडी ठेवा, शिमग्याच्या सुमाराला चुन्याचा नवा गिलावा आणि त्यावर चुन्याचे तीन पातळ हात. उरलेली ओल चुन्यातून हळूहळू निघत राहील. चुना काम करणारे गवंडी गावात शोधावे लागतील, पण सापडतात. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजायची जुनी रीत होती, त्या पिढीचा कोणी असेल तर त्याला विचारा. चुना विझवताना डोळे जपा. पीओपी आणि जिप्समचं काही तिथे नको, ओलीत ते मऊ पडतं. रंगच हवा असेल तर वाफ बाहेर सोडणारा म्हणून विकतात तो आणि फक्त वरच्या, कोरड्या भागाला.

गणपतीच्या आधी रंगकाम ही आपल्या मनातली गाठ आहे, ती सुटायला हवी. बाप्पा यायचे म्हणून घर नवं दिसावं, हे मला कळतं. पण श्रावणात भिंतीत पाणी सगळ्यात जास्त असतं. तेव्हा दिलेला रंग म्हणजे ओल्या केसांवर घट्ट बांधलेला रुमाल.

मागच्या स्लॅबच्या खोल्यांबद्दल एक गोष्ट मिस्टरांना मुद्दाम वाचून दाखवा, कारण ते नवीन बांधायचं म्हणताहेत. तुमच्या घरात सगळ्यात वाईट अवस्था सगळ्यात नव्या भागाची आहे. बारा वर्षांत सळई गंजली. आयएस ४५६ हे २००० सालचं भारतीय मानक समुद्रकाठच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण आणि काँक्रीटची एम-३० ही जास्त ताकदीची प्रत सांगतं. आपल्याकडच्या कोरड्या, आडोशाच्या बांधकामाला २० मिलिमीटर आणि एम-२० चालतं. तिथे नागपूरच्या मापाने आणि खाडीच्या वाळूने बांधलं तर पंधरा वर्षांनी हेच पत्र तुमची सून लिहील. चिऱ्याचं जुनं घर पाडू नका. त्यात गंजायला काहीच नाही. एक अंगण, एक छप्पर आणि एक चुकीचा गिलावा एवढंच त्याचं दुखणं आहे.

बुरशीचं काम सासूबाईंना करू देऊ नका, त्यांच्या दम्याला ती घासताना उडणारी धूळच सगळ्यात वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती श्वासाच्या आजारांमुळेच. कोणी धडधाकट माणसाने तोंडाला चांगला मास्क लावून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडकं फेकून द्यावं. ब्लीच आणि फरशीचं ॲसिड एकत्र कधीही करू नका, विषारी वायू निघतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पायाखाली विटा द्या. न लागणाऱ्या गाद्या, गोधड्यांचे ढीग, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवा, ते स्पंजासारखे असतात. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते सासूबाईंच्या खोलीत टांगा. पूर्वी घरात सतत चूल पेटलेली असायची, तिच्या उबेने भिंती सुकायच्या. ती चूल आता परत नको, त्यांच्या छातीला धूर सोसणार नाही. तिच्या जागी रोज काही तास पंखा आणि उघडी दारं. आणि दमा उसळतो म्हणता तर डॉक्टरांना भिंतींचे हे फोटोही दाखवा, नुसती औषधाची चिठ्ठी बदलून घेऊ नका.

त्यांना नागपूरला आणायचं का, हे मी ठरवू शकत नाही आणि खरं तर तुम्ही दोघांनीही एकट्याने ठरवू नये. जुलै-ऑगस्टचे सहा आठवडे त्यांना यावंसं वाटलं तर जरूर आणा, छातीला बरं वाटेल. पण घराला कुलूप लागलं की भिंतींची अवस्था अधिक वेगाने बिघडते, त्यामुळे शेजारच्या कोणाला तरी दिवसाआड दारं-खिडक्या उघडायला सांगून या. आणि कायमचं आणायचं कारण "घर राहण्यासारखं उरलं नाही" हे असेल, तर ते कारण तूर्त बाजूला ठेवा. घर दुरुस्त होण्यासारखं आहे.

शेवटचं यंदाच्या गणपतीचं. पाहुणे येतील, मखरामागची भिंत पोपडे सुटलेली दिसेल, याची तुम्हाला काळजी आहे, तुमच्या मूळ पत्रात ते दोनदा आलंय. रंग देऊ नका. सुटलेले पोपडे कोरड्या ब्रशने झाडून घ्या. मग भिंतीपासून चार बोटं पुढे दोरी बांधा आणि तिच्यावर सासूबाईंची एखादी जुनी काठपदराची साडी सोडा. कोणती, ते त्यांना निवडू द्या. मागून वारं खेळत राहील, आणि विसर्जनानंतर साडी घडी करून परत ट्रंकेत.